कोटिंगच्या आधी सांधा

गॅरेजमालक जमिनीला इपॉक्सी करून घ्यायचं ठरवतो, तेव्हा त्याला हवी असते सलग, चकचकीत, एकाच रंगाची जमीन. ऑइल सांडलं तर फडक्यानं पुसता यावं, पडलेला नट लांबूनच दिसावा. मग ठेकेदाराला पहिली सूचना हीच मिळते, “या रेघा तेवढ्या बुजवून टाका.” रेघा म्हणजे काँक्रीटमध्ये दर चार-साडेचार मीटरवर कटरनं मारलेले ग्रूव्ह. ठेकेदार घाईत असला तर तो त्यात पुट्टी भरतो, वरून रोलर फिरवतो आणि बिल करून मोकळा होतो. पहिला हिवाळा सरेपर्यंत प्रत्येक रेघ पुन्हा वर आलेली असते आणि तिच्या दोन्ही अंगांना कोटिंगचे पोपडे सुटलेले असतात.

दोष बहुतेक वेळा इपॉक्सीला दिला जातो. मालक पुढच्या वेळी महागडी कंपनी निवडतो, जाड थर मागतो आणि रेघा पुन्हा तशाच बुजवून घेतो. पण कोटिंगचं आयुष्य डब्यातल्या मालापेक्षा खालच्या सांध्यावर जास्त ठरतं. हे पटायचं असेल, तर आधी तो सांधा तिथे आहेच कशासाठी, हे नीट समजून घ्यावं लागतं.

सिमेंटला घट्ट व्हायला जेवढं पाणी रासायनिकदृष्ट्या लागतं, त्यापेक्षा बरंच जास्त पाणी आपण काँक्रीटमध्ये घालतो. ते घातलं नाही तर माल पसरतच नाही, कोपऱ्यात बसत नाही. हे जादा पाणी पुढे महिनोन्‌महिने उडत राहतं आणि तसतसं काँक्रीट आकसतं. मराठवाड्यात किंवा विदर्भात उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या ज्यानं पाहिल्या असतील, त्याला हा प्रकार वेगळा सांगायला नको. फरक फक्त मापाचा आहे. इमारतींच्या काँक्रीटसाठीचं भारतीय मानक, आयएस 456, हिशेबासाठी एकूण आकुंचन 0.0003 धरायला सांगतं. म्हणजे दोन रेघांमधली साडेचार मीटरची पॅनल साधारण 1.35 मिलिमीटरनं आखूड होणार. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण जमिनीवर टाकलेलं काँक्रीट मोकळेपणानं आकसू शकत नाही, कारण खालचा मुरूम आणि सोलिंग त्याला धरून ठेवतात. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र दाबाच्या जेमतेम एक दशांश. आकसायचं आहे आणि सरकता येत नाही, अशा अवस्थेत ते फाटतं.

ते फाटणार हे नक्की असल्यामुळे कुठे फाटायचं ते आपण ठरवून देतो. काँक्रीट टाकल्यावर काही तासांतच, कडा न तुटता ब्लेड चालण्याइतकं ते घट्ट झालं की, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीचा काप मारायचा. 150 मिलिमीटर जाडीच्या जमिनीत हा काप चार-पाच सेंटिमीटर खोल जातो. तिथे काँक्रीट कमजोर झालं, म्हणून भेग कापाच्या तळापासून सुरू होऊन सरळ खाली उतरते. वरून आपल्याला स्वच्छ रेघ दिसते, खालची वेडीवाकडी भेग दिसत नाही. दोन कापांतलं अंतर जाडीच्या 24 ते 36 पट ठेवायचा प्रघात आहे. 150 मिलिमीटरला ते साडेतीन ते साडेपाच मीटर येतं. म्हणजे मालकाला जी रेघ नजरेत खुपते, ती जमिनीची ठरवून दिलेली भेग असते.

सगळ्या रेघा मात्र एका जातीच्या नसतात. महाराष्ट्रातल्या एमआयडीसींमध्ये, गोदामांत आणि बऱ्याच मोठ्या गॅरेजांत ट्रिमिक्सची जमीन असते. ओल्या काँक्रीटवर चटई अंथरून पंपानं जादा पाणी ओढून घ्यायचं आणि मग पॉवर फ्लोट, पॉवर ट्रॉवेल फिरवायचं, अशी ही पद्धत. जमीन लांब पट्ट्यांत टाकली जाते. एक पट्टा सोडून दुसरा भरायचा, आधीचे घट्ट झाले की मधले भरायचे. दोन पट्ट्यांमध्ये तयार होतो तो टाकणीचा सांधा. तो वरपासून तळापर्यंत आरपार असतो, कारण दोन्ही बाजूंचं काँक्रीट वेगवेगळ्या दिवसांचं असतं. पट्ट्याला आडवे मारलेले ते कापाचे सांधे. आणि भिंतीलगत, कॉलमभोवती थर्माकोल किंवा बिटुमिन बोर्ड घालून सोडलेली जी जागा असते, तो सुटा सांधा. इमारत आणि जमीन यांनी एकमेकींना ओढू नये म्हणून तो असतो. हा तिसरा सांधा कधीही कडक मालानं भरायचा नाही. कॉलमजवळ इपॉक्सी मॉर्टर ठासून भरलं की थोड्याच दिवसांत कॉलमच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते आणि ती कुठपर्यंत जाईल यावर आपलं काही चालत नाही.

आता कोटिंग फाटतं कसं ते पाहू. इपॉक्सीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची पकड. चांगल्या घासलेल्या काँक्रीटवर बसलेलं इपॉक्सी ओढलं तर अनेकदा इपॉक्सी सुटत नाही, काँक्रीटचाच पापुद्रा उचलला जातो. आणि सांध्यावर नेमका हाच गुण महागात पडतो. 300 मायक्रॉनचा थर सांध्याच्या डाव्या कडेलाही पक्का चिकटलेला आणि उजव्या कडेलाही. खालची भेग केसाएवढी. थंडीत ती एक मिलिमीटर उघडली, तर वरच्या थराला ताणायला लांबी उरतेच कुठे? केसाएवढ्या लांबीनं एक मिलिमीटर व्हायचं, म्हणजे मूळ लांबीच्या कित्येक पट ताणायचं. जमिनीचं इपॉक्सी काही टक्क्यांपलीकडे ताणत नाही. थर दुप्पट जाड केला तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही, म्हणून “जाड मारा, मग फाटणार नाही” हा सल्ला फोल आहे.

आकुंचन एकदाच होऊन संपतं, पण तापमानाची ये-जा चालूच राहते. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, म्हणजे बसाल्टची. अशा काँक्रीटचं प्रसरण दर अंशाला मीटरमागे साधारण 0.009 मिलिमीटर असतं. पत्र्याच्या शेडखाली जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत जमिनीच्या तापमानाचा फरक 20 अंश धरला, तर साडेचार मीटरला 0.8 मिलिमीटर हालचाल होते. आकुंचनाची त्यात भर घातली की दोन मिलिमीटरच्या घरात आकडा जातो. तोही सगळ्या सांध्यांत सारखा वाटला जात नाही. काही सांधे जवळजवळ मिटलेले राहतात आणि एखादा सांधा शेजारच्या तीन-चार पॅनलांची हालचाल एकटा उचलतो.

म्हणून पहिलं काम पाहणीचं. हातात हवं काय, तर मोटार मेकॅनिककडे असतोच तो फीलर गेज, एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी आणि खडू. प्रत्येक सांध्यातला जुना माल, माती, ग्रीसचं कीट उकरून तळ दिसू द्यायचा. तळाशी भेग आहे का, किती रुंद आहे, हे मोजून शेजारीच खडूनं लिहायचं. कधीकधी एक चमत्कारिक गोष्ट दिसते: कापाच्या तळाशी भेगच नाही, पण कापापासून वीतभर अंतरावर दुसरीच नागमोडी भेग समांतर धावते आहे. काप मारायला उशीर झाला, तोवर काँक्रीटनं आपली वाट शोधली, असा त्याचा अर्थ. इथे खरा सांधा ती भेग आहे आणि नीटनेटका काप नुसता दिखाऊ. तो काप खुशाल इपॉक्सी मॉर्टरनं कडक भरून टाकावा. भेगेला मात्र भेग कापायच्या ब्लेडनं रुंद करून सांध्याचा मान द्यावा लागतो. उलट केलं, आणि बहुतेक वेळा उलटच केलं जातं, तर फार मेहनत करून चुकीची जागा मऊ ठेवल्यासारखं होतं.

मग कान. सांध्याच्या दोन्ही बाजूंना हातोडीनं हलकेच ठोकत जायचं. भरीव टणटण आवाज आला तर ठीक. डबडब आवाज आला तर पॅनलची कड खालच्या भरावापासून उचललेली आहे. वरचा पृष्ठभाग लवकर वाळतो, खालचा ओला राहतो, वरचा जास्त आकसतो आणि पॅनलच्या कडा वर वळतात. त्यावरून भरलेला ट्रॉली जॅक गेला की कड दबते, पुन्हा उठते. जॅकची चाकं लहान आणि लोखंडी, सगळा भार बोटभर जागेवर. कडेचे टवके उडतात ते अशाच ठिकाणी. इथे वरून कितीही भारी माल भरला तरी तो टिकत नाही, कारण कड हलायची थांबलेली नसते. आधी बारीक भोकं पाडून कडेखालची पोकळी पातळ सिमेंट ग्राउटनं भरावी लागते. दाब अगदी कमी ठेवायचा, नाहीतर पॅनलच उचलली जाते. ग्राउट घट्ट झाल्यावर पुन्हा ठोकून पाहायचं. आवाज बदलला की पुढे जायचं.

सांध्याच्या एका बाजूची जमीन दुसरीपेक्षा वर आली असेल, तर शंका खालच्या भरावावर घ्यावी. बांधताना काळी माती पुरती काढली नसेल आणि वर मुरमाचा पुरेसा थर दाबून भरला नसेल, तर ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते आणि वरच्या पॅनल तिच्याबरोबर वरखाली होतात. असा सांधा दर ऋतूला पायरी बदलतो. पायरी ग्राइंडरनं घासून समतल करता येते, पण पुढच्या पावसाळ्यात ती परत येईल हे मालकाला कोटिंगच्या आधी सांगायला हवं. ठेकेदारानं इथे गप्प बसणं मला अजिबात पटत नाही. पाणी जमिनीखाली कुठून शिरतंय, ते पन्हळाचं आहे की फुटलेल्या नळाचं, हे शोधून बंद करणं कोटिंगपेक्षा जास्त उपयोगाचं ठरतं.

कडा तुटलेल्या सांध्याची दुरुस्ती हे या सगळ्यातलं हातकाम आहे आणि ते जवळ बसून पाहण्यासारखं असतं. टवका उडालेली कड उथळ, बशीसारखी असते, बाहेर जाताना शून्यावर आलेली. तिच्यात तसंच मॉर्टर भरलं तर काठाकडे त्याची जाडी पापुद्र्याएवढी राहते आणि पहिल्याच जड चाकाखाली ती उडते. म्हणून कारागीर तुटक्या भागाच्या बाहेर, चांगल्या काँक्रीटमध्ये, दोन-अडीच सेंटिमीटर अंतर सोडून सांध्याला समांतर सरळ काप मारतो. मग छिन्नीनं किंवा छोट्या ब्रेकरनं मधला भाग काढतो. आता खोबणीला उभी भिंत मिळाली, मॉर्टरला सगळीकडे जाडी मिळाली. धूळ व्हॅक्यूमनं ओढायची. ब्लोअर मारला की ती उडून पुन्हा तिथेच बसते आणि नाकातोंडात जाते ते वेगळंच. सिलिका असलेली ही बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला असावा.

स्वच्छ खोबणीला आधी इपॉक्सीचा प्रायमर ब्रशनं चोळायचा. तो चिकट असतानाच इपॉक्सी आणि कोरड्या सिलिका वाळूचं मॉर्टर भरायचं, थापीनं दाबायचं, शेजारच्या जमिनीपेक्षा किंचित उंच ठेवायचं आणि घट्ट झाल्यावर ग्राइंडरनं एका पातळीत आणायचं. उन्हाळ्यात हा माल थोडाथोडाच कालवावा. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की स्वतःच तापतात. बादलीत ढीग राहिला तर उष्णता आतच कोंडते आणि भरायच्या आधीच तो दगड होतो.

इथपर्यंत बरेच जण नीट येतात आणि थांबतात. सांधा आता मॉर्टरनं पूर्ण भरला गेला, जमीन सलग दिसू लागली, मालक खूश. पण खालची भेग तिथेच आहे. दोन पॅनल आता वरच्या बाजूनं एकमेकींना चिकटवल्या गेल्या. थंडी आली की त्या ओढणार, आणि मॉर्टर तरी फुटणार किंवा त्याच्या बाजूचं काँक्रीट तरी. म्हणून मॉर्टर घट्ट झाल्यावर जुन्या सांध्याच्या नेमक्या जागी पुन्हा काप मारावाच लागतो. नेमक्या म्हणजे दोरी धरून. मॉर्टर भरण्याआधीच सांध्याच्या दोन्ही टोकांना, दुरुस्तीच्या बाहेर, खुणा करून ठेवायच्या, कारण नंतर रेघ कुठे होती ते शोधायला काही उरत नाही.

कापात काय भरायचं, हे त्यावरून चाक कसलं जाणार यावर अवलंबून आहे. नुसतं माणसांचं चालणं, हवा भरलेले टायर, अशी वर्दळ असेल तर लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट चालतो. साधारण चांगला सीलंट आपल्या रुंदीच्या 25 टक्के ताणतो किंवा आखडतो. सांधा दोन मिलिमीटर हलणार असेल तर खोबण किमान आठ मिलिमीटर रुंद हवी, नाहीतर सीलंट कडेपासून सुटणार. खाली फोमचा बॅकर रॉड ठेवून सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी करायची. रॉडमुळे सीलंट तळाला चिकटत नाही. फक्त दोन भिंतींना धरून तो मोकळेपणानं ताणतो.

पण जिथे लोखंडी चाकांचे जॅक, पॅलेट ट्रॉली, इंजिन उचलायची घोडी फिरते, तिथे मऊ सीलंट कामाचा नाही. चाक त्यात दबतं, सांध्याच्या उघड्या कडेवर आपटतं आणि टवका उडतो. तिथे अर्धकडक फिलर लागतो, इपॉक्सीचा किंवा पॉलियुरियाचा. त्याचं काम फट झाकण्यापेक्षा कडेला बाजूनं टेकू देण्याचं जास्त. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या शिफारशीत अशा फिलरचा कडकपणा शोअर ए मापावर किमान 80 सांगितलेला आहे. तो कापाच्या पूर्ण खोलीत भरायचा, बॅकर रॉड न घालता. रॉड घातला तर वरचा माल पोकळीवर तरंगतो आणि चाकाखाली आत दबतो. पातळ माल तळाच्या भेगेतून झिरपून जातो, म्हणून तळाशी अगदी थोडी कोरडी वाळू टाकतात. काप काठोकाठ, किंचित फुगीर भरायचा आणि माल घट्ट होत आला की रुंद पात्याच्या रेझर स्क्रेपरनं जमिनीलगत कापून काढायचा. पॉलियुरिया काही मिनिटांत घट्ट होतो. लवकर हात घातला तर तो ओढला जातो, उशीर झाला तर पातं चालत नाही. हा क्षण बोटाच्या नखानं दाबून कळतो आणि सरावानंच कळतो.

भरायचा काळ निवडता येत असेल तर थंडीचा निवडावा, तोही सकाळचा. तेव्हा पॅनल आखडलेल्या असतात, सांधा सर्वांत रुंद असतो. त्या वेळी भरलेला माल पुढे उन्हाळ्यात दबेल, आणि दाब तो सहज सोसतो. मेमध्ये मिटलेल्या सांध्यात भरला तर जानेवारीत ओढला जाईल. नव्या जमिनीत तर महिन्याभरातच फिलर भरायची घाई होते. कोटिंगसाठी 28 दिवस थांबायची रीत आहे, पण आकुंचन 28 दिवसांत संपत नाही. तीन महिने थांबता आलं तर उत्तम, त्याहून जास्त मिळाले तर आणखी बरं.

तेल आणि ओल ही दोन संकटं गॅरेजच्या सांध्यात मुक्कामालाच असतात. पृष्ठभागावरचं ऑइल डीग्रीझरनं निघतं, पण वर्षानुवर्षं सांध्यातून झिरपलेलं ऑइल काँक्रीटच्या आत शिरलेलं असतं. कापलेल्या भिंतीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो पसरून शोषला गेला तर काँक्रीट मोकळं आहे, मण्यासारखा उभा राहिला तर अजून तेल आहे आणि काप आणखी रुंद करायला हवा. ॲसिड ओतून सांधा धुण्याची सवय मात्र सोडायला हवी. ॲसिड खाली भेगेत उतरतं, धुऊन पूर्ण निघत नाही, मागे क्लोराइड सोडतं आणि सांध्यात दोन पॅनल जोडणाऱ्या डॉवेलच्या सळया असतील तर त्या गंजवतं.

ओलीसाठी जुनी सोपी चाचणी आहे. 45 सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर चारही बाजूंनी टेपनं चिकटवायचा आणि किमान 16 तास ठेवायचा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं तर ओल वर येते आहे. एक कागद पॅनलच्या मध्यावर लावावा आणि एक मुद्दाम सांध्यावर, कारण वर यायला पाण्याला तीच मोकळी वाट असते. कोकणात आणि घाटमाथ्यालगत पावसाळ्यात मध्यावरचा कागद कोरडा आणि सांध्यावरचा ओला निघू शकतो. सांध्याच्या दोन्ही अंगांना पांढरा लोणा दिसत असेल तर कागद लावायचीही गरज नाही, तिथे पाण्याचा राबता जुना आहे. अशा जमिनीवर जुलैत कोटिंग करू नये. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त असायला हवं, हा नियम पावसाळी हवेत पाळणंही कठीण असतं.

मग प्रत्यक्ष कोटिंग. जुनी, आतली, सावलीतली जमीन, फीलर गेजनं दोन ऋतूंत मोजूनही न हललेला सांधा असेल तर अर्धकडक फिलर भरून त्यावरून कोटिंग सलग न्यायला हरकत नाही. पुढे बारीक रेघ उमटू शकते, हे मालकाला आधी सांगून ठेवावं. हलणाऱ्या सांध्यांवर मात्र कोटिंग पूर्ण घट्ट झाल्यावर दोरी लावून थरातून पुन्हा काप मारायचा आणि कोटिंगच्या रंगाशी जुळणारा माल त्यात शेवटी भरायचा. जमिनीवर रेघ राहते, पण ती सरळ आणि स्वच्छ राहते आणि तिच्या कडेला पोपडा सुटत नाही. मला विचाराल तर काम करणाऱ्या जमिनीला ही रेघ शोभूनच दिसते.

काम संपल्यावर मालकाला सांध्यांचा साधा नकाशा द्यावा. कोणत्या सांध्यात कोणता माल भरला, तेव्हा रुंदी किती होती, हे त्यावर लिहिलेलं असावं. पहिला हिवाळा सरताना एकदा फिरून पाहावं. अर्धकडक फिलर एखाद्या कडेपासून बारीक सुटलेला दिसेलच. तो ताणण्यासाठी बनवलेलाच नसतो, त्यामुळे यात बिघाड काही नाही. त्या फटीत एटीएम कार्डाची कड शिरत नसेल तर सोडून द्यावं. शिरत असेल तर फट व्हॅक्यूमनं साफ करून त्याच जातीचा पातळ फिलर ओतावा आणि वरचा भाग स्क्रेपरनं काढून घ्यावा. एका मोठ्या गॅरेजला याला एक सकाळ पुरते.